जयगडची राख, कागलचा प्लांट: रेअर अर्थ काढणं जमेल का?

शिरोलीकर
मंडळी, सरळ प्रश्न. जयगडच्या औष्णिक केंद्राची फ्लाय अ‍ॅश (धुरासोबत उडणारी बारीक राख) आंबा घाट चढून इकडं कोल्हापूरला आणता येते. आज ती विटा, ब्लॉक आणि आरएमसीत (तयार काँक्रीटमध्ये) जाते. आता जो तो म्हणतोय, राखेत नियोडिमियम, स्कँडियम असे रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा धातू) आहेत, शिवाय गॅलियम आहे. चीननं ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम-जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हापासून ही चर्चा जास्तच. समजा कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत रोज ५ टन राखेचा प्लांट टाकला, तर (अ) धातू निघेल का, (आ) कसा, (इ) पैसे सुटतील का? भाषण नको, आकडे द्या.

तांबडापांढरा
राखेतनं सोनं काढणारे बाबा आधी मठात बसायचे, आता एमआयडीसीत प्लॉट मागायला लागले. विषय हार्ड!

राखाडी
थट्टा राहू दे. पहिला प्रश्न 'किती राख' हा नाही, 'कुठली राख' हा आहे. राख म्हणजे एक माल नव्हे.

विदर्भातल्या कोळशात ३०-४५ टक्के राख. ती बहुतेक सिलिका ५५-६५, अ‍ॅल्युमिना २५-३०, लोह ऑक्साइड ४-८, टायटॅनिया १-२ टक्के अशी असते, चुना जेमतेम. जयगडला कोळसा आयातीचा. इंडोनेशियन कोळसा जळत असेल तर राख कमी पडते, पण तिच्यात चुना आणि लोह जास्त. जहाज बदललं की राख बदलते. म्हणजे आज केलेली टेस्ट तीन महिन्यांनी कामाची राहील असं नाही.

दुसरं, राख कुठून उचलता? बॉयलरच्या तळाची बॉटम अ‍ॅश साधारण २० टक्के, बाकीची ८० टक्के ईएसपीत, म्हणजे धुरातली राख विजेनं पकडणाऱ्या यंत्रात. ईएसपीच्या पहिल्या फील्डला (कप्प्याला) ७५-८० टक्के पडते आणि ती जाड असते. शेवटच्या फील्डची राख सगळ्यात बारीक. गॅलियम, जर्मेनियम, जस्त, आर्सेनिक ही मंडळी भट्टीत वाफ होतात आणि गार होताना बारीक कणांच्या पृष्ठभागावर बसतात. म्हणून शेवटच्या फील्डच्या हॉपरमध्ये त्यांचं प्रमाण वाढतं, सोबत आर्सेनिकचंही. रेअर अर्थ मात्र वाफ होत नाहीत. ती जवळपास सगळ्या फील्डमध्ये पसरलेली असतात, बारीक अचुंबकीय भागात थोडी जास्त, एवढंच. तेव्हा गॅलियमचा प्लांट आणि रेअर अर्थचा प्लांट यांचा कच्चा माल एकच असं धरू नका.

आम्लपित्त
राखाडी यांनी पाया बरोबर घातलाय. पुढचं रसायन मी लिहिते. जरा लांबेल.

भट्टीत १२००-१५०० अंशांना माती वितळते आणि झटकन गार होऊन काचेचे गोळे होतात. त्या काचेत क्वार्ट्झ आणि म्युलाइटचे स्फटिक रुतलेले. रेअर अर्थचा मोठा हिस्सा याच काचेत अडकलेला असतो. नुसतं आम्ल ओतलं तर पृष्ठभागावरचं आणि चुन्यासोबतचं तेवढं निघतं, आतलं नाही. अमेरिकेतल्या राखांवर हे तपासलं गेलंय: अ‍ॅपलाशियन कोळशाच्या राखेत सरासरी ५९१ पीपीएम (टनाला तेवढे ग्रॅम) रेअर अर्थ, पण गरम नायट्रिक आम्लात निघालं ३० टक्क्यांच्या आसपास. पावडर रिव्हर खोऱ्याच्या राखेत ३३७ पीपीएमच, पण निघालं सुमारे ७० टक्के, कारण त्या राखेत चुना जास्त आणि तशी काच आम्लात फुटते. म्हणून 'पीपीएम किती' यापेक्षा 'सुटतं किती' हे आधी विचारा.

काच फोडायचे मार्ग दोन-तीन. कॉस्टिक सोड्यासोबत वितळवणं: राख आणि कॉस्टिक वजनाने १:१, ४००-४५० अंश, दोन तास, मग पाण्याने धुऊन सोडियम सिलिकेट काढायचं आणि उरलेला लगदा हायड्रोक्लोरिकमध्ये. किंवा सोडा अ‍ॅशसोबत ८५०-९०० अंशांना भाजणं. किंवा तीव्र गंधकाम्ल राखेत कालवून २००-२५० अंशांना भाजायचं आणि पाण्यात विरघळवायचं.

बिघडतं कुठं तेही सांगते.

सिलिका जेल: वितळवलेला लगदा थोड्या आम्लात हळूहळू टाकला की सिलिसिक आम्लाच्या साखळ्या जुळतात, टाकी खळीसारखी घट्ट होते आणि फिल्टर प्रेसचं कापड बुजतं. उलट क्रम ठेवायचा: भरपूर आम्ल आधी, लगदा त्यात, पीएच १ च्या खाली, द्रावण पातळ आणि गाळणी लगेच. रात्रभर ठेवलेलं द्रावण सकाळी गाळता येत नाही.

कॉस्टिकचा मार्ग घेतला असेल तर नंतर गंधकाम्ल वापरायचं नाही. सोडियम आणि सल्फेट एकत्र आले की लँथॅनम, सेरियम, नियोडिमियमचे दुहेरी सल्फेट खाली बसतात आणि गाळासोबत फेकले जातात. राखेत चुना जास्त असेल तरी तेच: जिप्सम पडतं, ते जाताना रेअर अर्थ घेऊन जातं.

त्यानंतर लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. पीएच ३-३.५ ला फेरिक लोह पडतं, ४-५ ला अ‍ॅल्युमिनियम. हे गाळ चिकट असतात, स्कँडियम जवळपास पूर्ण आणि बाकीचंही बरंच ओढून नेतात. त्यामुळे पीएच वाढवत एकेक पाडायचं हे वहीत छान दिसतं, टाकीत नाही. त्यापेक्षा लोखंडाचा चुरा टाकून फेरिकचं फेरस करायचं, पीएच १.५-२ ला ठेवायचं आणि केरोसीनमध्ये डी२ईएचपीए (धातू पकडणारं सेंद्रिय रसायन) घालून रेअर अर्थ वरच्या केरोसीनच्या थरात उचलायचं. फेरिक राहिलं तर तेही वर चढतं. विरघळलेली सिलिका राहिली तर दोन थरांमध्ये साय धरते आणि मिक्सर-सेटलर (ढवळून थर वेगळे करणारी टाकी) चालत नाही. स्ट्रिपिंग, म्हणजे धातू परत पाण्यात उतरवणं, ४-६ मोलर हायड्रोक्लोरिकने. स्कँडियम त्यानंही सुटत नाही, त्याला कॉस्टिकच लागतं. शेवटी ऑक्सॅलिक आम्लाने पाडून ८००-९०० अंशांना भाजलं की मिश्र ऑक्साइड. थोरियमही ऑक्सॅलेट होऊन सोबत येतं, ते आधीच वेगळं काढावं लागतं.

तांबडापांढरा
ताई, तुमचं आयडीचं नाव आत्ता कळालं.

हिशेबनीस
आता ताईंच्या रसायनाला दर लावू. ढोबळ, पण बेरीज बघा.

राखेत ४०० पीपीएम धरा, म्हणजे टनाला ४०० ग्रॅम. ५ टनांत २ किलो. अर्धं हाती आलं तर रोज १ किलो मिश्र माल. त्यात सेरियम-लँथॅनम निम्म्याहून जास्त, ते स्वस्त. नियोडिमियम १५-१६ टक्के म्हणजे १६० ग्रॅमच्या आत, डिस्प्रोसियम २५ ग्रॅमच्या आसपास. नियोडिमियम ऑक्साइड किलोला ६,००० आणि डिस्प्रोसियम २५,००० धरलं तरी दोन्ही मिळून दिवसाला १,६०० रुपये. तेही शुद्ध आणि वेगळं केलेल्या मालाचे दर. तुमच्या हातात असणार मिश्रण.

आता खर्च. कॉस्टिक १:१, म्हणजे रोज ५ टन. किलोला ४० धरा, २ लाख रुपये झाले. टनभर कॉस्टिक निष्प्रभ करायला ९१२ किलो शुद्ध हायड्रोक्लोरिक लागतं, म्हणजे बाजारातल्या ३२ टक्के आम्लाचे २.८५ टन. त्यात राखेतलं २८ टक्के अ‍ॅल्युमिना पूर्ण विरघळलं तर आणखी १.९ टन. हे सगळं एका टन राखेसाठी! डिझेल, वीज, माणसं, गाळ अजून धरलेलंच नाही.

शिरोलीकर
धरणीकंप! पण स्कँडियम राहिलं की. ते तर सगळ्यात महाग म्हणतात.

हिशेबनीस
राहिलं नाही, मुद्दाम बाजूला ठेवलं. ३० पीपीएम धरलं तर ५ टनांत १५० ग्रॅम, अर्धं निघालं तर ७५. कागदावर राखेतली सगळ्यात मोठी रक्कम याचीच होते. पण जगभराची मागणी वर्षाला १०० टनांच्या आत, गिऱ्हाईक मोजके आणि त्यांना ९९.९ च्या वर शुद्ध लागतं. महिन्याला दोन किलो अशुद्ध मालासाठी कोणी करार करत नाही. आणि कॉस्टिकच्या रोजच्या २ लाखांसमोर ७५ ग्रॅमचा भाव कितीही ताणला तरी पुरत नाही.

आम्लपित्त
हिशेबनीस, थोडा वाद घालते. १:१ हा प्रयोगशाळेतला आकडा आहे, सगळ्यात वाईट बाजू. राखेत चुना भरपूर असेल तर कॉस्टिक न वापरता थेट सौम्य हायड्रोक्लोरिक, ७०-८० अंश, दोन-तीन तास यात काम होऊ शकतं. अ‍ॅल्युमिनाचा पाचवा हिस्सा विरघळला असं धरलं तर त्याच्यासाठी टनाला साधारण ३७५ किलो बाजारी आम्ल, चुन्याचं वेगळं. १० टक्के चुना असेल तर तो एकटाच टनाला ४०० किलोच्या वर आम्ल खातो. तरी खर्च कितीतरी पटींनी उतरतो.

हिशेबनीस
मान्य. तोटा लाखांतून हजारांत आला. तोटा तो तोटाच.

भट्टीवाला
एक शंका कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच लिहितो: धुण्यात निघालेलं सोडियम सिलिकेट आपल्या फाउंड्र्यांना कोअर सँडसाठी (साच्याची वाळू धरायला) विकता येईल का? शिरोली, गोकुळ शिरगावला सीओटू प्रोसेस (सिलिकेट घातलेली वाळू कार्बन डायऑक्साइडनं घट्ट करणं) अजून आहे, गिऱ्हाईक दाराशी. पण नाही चालणार. बाइंडरला सिलिका-सोडा मॉड्युलस (गुणोत्तर) २ ते २.६ लागतो. १:१ च्या वितळणीतून येणाऱ्याचा १ च्याही खाली भरतो, वर पातळ आणि अ‍ॅल्युमिनेट मिसळलेलं. टाकीत ठेवलं की झिओलाइटसारखा पांढरा गाळ बसतो. वाळूचा गोळा धरणार नाही.

बॉक्साइट_पठार
राखेतनं अ‍ॅल्युमिनियम काढायची भाषाही लोक करतात, तीही इथंच मोडून टाकू. राधानगरीच्या पठारावर, दुर्गमानवाडीला, बॉक्साइट आहे आणि ते बेळगावच्या अ‍ॅल्युमिना रिफायनरीला जात आलंय. त्यातलं अ‍ॅल्युमिना गिब्साइटच्या रूपात, गरम कॉस्टिकमध्ये दीडशेक अंशांना विरघळतं आणि कॉस्टिक परत फिरवून वापरता येतं, हीच बायर पद्धत. राखेतलं म्युलाइट आणि काचेत अडकलेलं, तिथं बायर पद्धत लावली तर सिलिका कॉस्टिक गिळून बसते.

राखेसाठी वेगळी रीत आहे, चुन्याचं सिंटरिंग (एकत्र भाजून ढेकूळ करणं). टन राखेला अडीचएक टन चुनखडी, १३००-१४०० अंश. कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट आणि डायकॅल्शियम सिलिकेट होतं. गार होताना ५०० अंशांच्या खाली सिलिकेटचा स्फटिक बदलतो, आकारमान १० टक्क्यांवर फुगतं आणि ढेकूळ आपोआप पीठ होतं, दळणाचा खर्च वाचतो. मग सोडा अ‍ॅशच्या पाण्यात अ‍ॅल्युमिना उतरवायचं, कार्बन डायऑक्साइड सोडून हायड्रेट पाडायचं. पोलंडमध्ये ग्झिमेक या संशोधकांनी ही पद्धत सिमेंट कारखान्याशी जोडून चालवली. सिमेंट कारखाना शेजारी नसेल तर टनावारी उरलेलं सिलिकेट घेऊन बसायचं. चीनमध्ये इनर मंगोलियातल्या जुंगारच्या राखेत ५० टक्क्यांच्या आसपास अ‍ॅल्युमिना, सोबत गॅलियम, म्हणून तिथं विचार होतो. आपली राख तशी नाही.

आणि शिरोलीकर, गॅलियमच पाहिजे असेल तर तुम्ही चुकीच्या घाटाकडं तोंड केलंय. जगातलं बहुतेक गॅलियम बायरच्या फिरत्या कॉस्टिक द्रावणातून, रेझिनवर उचलून काढतात. तिथं ते आधीच विरघळलेलं असतं आणि फेऱ्यांगणिक साठत जातं. राखेत ते टनाला दोन आकडी ग्रॅम, तेही बरंचसं काचेत.

कोल्हा_उसातला
आमच्या साखर कारखान्याच्या को-जनची (वीज प्रकल्पाची) राख चालेल का? ढीग पडलेत.

आम्लपित्त
बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेत मुख्यतः सिलिका आणि थोडं पोटॅश. रेअर अर्थ शोधायला जाऊ नका.

कोल्हा_उसातला
मग पोटॅशच की. डिस्टिलरीचा स्पेंट वॉश (मळीतून अल्कोहोल काढून उरलेलं पाणी) जाळणाऱ्या बॉयलरची राख पोटॅशने भरलेली असते. दाणे करून पीडीएम (मळीपासूनचं पोटॅश खत) म्हणून विकतात, खत नियंत्रण आदेशात किमान १४.५ टक्के पोटॅश ही अट आहे आणि अनुदानाच्या यादीतही आलंय. राखेनं ओल ओढली की दाणे फुटतात, म्हणून सायलोतून थेट ग्रॅन्युलेटरला, उघड्यावर नाही. कोल्हापूर जिल्ह्यात राखेतनं काही काढून गाठीला पैसे बांधायचे असतील तर हा माल तरी विरघळतो.

तांबडापांढरा
विषय नियोडिमियमचा, पोचला उसाच्या फडात. कोल्हापूरचा धागा हाय हो!

राखाडी
आता जे खरंच निघतं त्याकडं येऊ. रसायन न वापरता, नुसत्या वजनावर, चुंबकावर आणि फेसावर.

सेनोस्फिअर: पोकळ गोळे, घनता ०.४-०.८, पाण्यावर तरंगतात. विदर्भाच्या राखेत साधारण अर्धा ते एक टक्का. राखेच्या तलावावर वाऱ्याच्या बाजूला पांढरी साय जमते ती हीच. स्लरी (राख-पाण्याचं मिश्रण) १०-१५ टक्के घन ठेवायची, संथ टाकी, वरून सावकाश काढायचं. घट्ट स्लरीत गोळे खालीच अडकतात. पंपाचा इंपेलर वेगात असेल तर गोळे फुटतात, आणि फुटलेला गोळा म्हणजे परत राखच.

न जळलेला कार्बन: डिझेल टनाला १-२ किलो, सोबत थोडं पाइन ऑइल, फेसावर कार्बन चढतो. तो काढला तर राखेची लॉस ऑन इग्निशन (जाळल्यावर घटणारं वजन) आयएस ३८१२ या भारतीय मानकाच्या ५ टक्क्यांत बसते. म्हणजे इथं उत्पन्न कार्बनचं नाही, सुधारलेल्या राखेचं.

चुंबकीय भाग: १०००-१२०० गॉसचा ओला ड्रम. कोल वॉशरीला (कोळसा धुणाऱ्यांना) मॅग्नेटाइट म्हणून विकू असा विचार असेल तर सोडा. त्यांना घनता ४.८ च्या पुढं लागते, राखेतले लोहाचे गोळे काच मिसळलेली असल्यानं ३.५-४ वर थांबतात. फायदा एवढाच, की पुढं आम्लात टाकायची असेल तर लोह आधीच कमी झालेलं असतं.

हिशेबनीस
राख ओली केल्यावर आरएमसीवाले घेतील का? त्यांना बल्करने (राखेच्या टँकरने) सायलोत फुंकलेली कोरडी राख लागते. वाळवायचा खर्च कोण धरणार?

राखाडी
घेणार नाहीत. म्हणूनच कोरड्या राखेला पाणी लावायचं नाही, ती चाळून किंवा एअर क्लासिफायरने ४५ मायक्रॉनवर विभागून तशीच विकायची. जयगडची राख चुन्याची निघाली तर पाणी लागताच टाकीच्या तळाला धरेलही. सेनोस्फिअरसाठी तलावातली, आधीच भिजलेली राख. दोन वेगळे कच्चे माल, दोन वेगळे धंदे.

भट्टीवाला
सेनोस्फिअरला गिऱ्हाईक शिरोलीतच आहे. रायझरच्या (साच्याला जादा वितळलेला धातू पुरवणाऱ्या भागाच्या) इन्सुलेटिंग स्लीव्हमध्ये हेच जातं: हलकं, उष्णता धरून ठेवतं, रायझर उशिरा गोठतो, आकुंचनाची पोकळी कास्टिंगऐवजी रायझरमध्ये जाते. रायझर लहान ठेवता येतो, यील्ड वाढतं. पण माल कसा हवा ते ऐका. ओलावा अर्ध्या टक्क्याच्या आत, नाहीतर कास्टिंगला ब्लोहोल (वायूची भोकं). फुटके गोळे कमी, नाहीतर स्लीव्ह जड होतो आणि उष्णताही सुटते. लोह जास्त असेल तर गोळे लवकर मऊ पडतात, एसजी आयर्नच्या (एक ओतीव लोखंड) ओतीला स्लीव्ह आत बसतो. म्हणून वाळवून, चाळून, चुंबकावरून एकदा काढूनच द्यावं लागेल.

५ टनाला अर्धा टक्का म्हणजे दिवसाला २५ किलो. किलोला ५० धरले तर १,२५० रुपये. हिशेबनीसांच्या नियोडिमियम-डिस्प्रोसियमच्या जवळपास तेवढेच, आणि आम्लाचा एक थेंब नाही!

हिशेबनीस
तरीही ५ टनांवर कामगारांचे पगार निघत नाहीत. शंभर टन हाताळा, नाहीतर तलावावरून काढलेला कच्चा सेनोस्फिअर विकत घ्या आणि इथं फक्त प्रतवारी करा. वाहतूक २५ किलो मालाची करायची की ५ टन राखेची, हा खरा प्रश्न आहे.

पंचगंगाकाठ
आम्लवाल्या प्लांटबद्दल एक बाजू कुणी लिहिली नाही. एक टन राख आम्लात घातली की एक टनापेक्षा जास्त ओला गाळ निघतो, आणि त्यात आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियम आता सुटं झालेलं असतं. भट्टीतून आलेली राख बरीचशी काचेत बंद होती, तुम्ही ती फोडली. क्लोराइडचं खारं पाणी वेगळं, ते चुन्यानं बसत नाही. सामायिक सांडपाणी केंद्र ते घेणार नाही, बाष्पीभवन करावं लागेल. गाळ घातक कचऱ्यात गेला तर रांजणगावच्या सुविधेपर्यंत वाहतूक आणि टनावारी शुल्क. इचलकरंजीच्या पाण्यावरून पंचगंगेचं काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, तिथं आणखी एक नळ नको.

शिरोलीकर
पण सरकार पैसे देतंय ना? राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन, जानेवारी २०२५, १६,३०० कोटी. राखेचं नाव त्यात आहे.

बॉक्साइट_पठार
आहे. ओव्हरबर्डन (खाणीवरची माती), टेलिंग्ज (धातू काढून उरलेला गाळ), फ्लाय अ‍ॅश, रेड मड (बॉक्साइटचा उरलेला लाल गाळ) यांतून काढण्याच्या पथदर्शी प्रकल्पांना १०० कोटी वेगळे ठेवलेत. पण पथदर्शी म्हणजे प्रयोग, तुमच्या तोट्याची भरपाई नव्हे. देशात रेअर अर्थ मुख्यतः किनाऱ्याच्या वाळूतल्या मोनाझाइटमधून येतं, त्यात ५५-६० टक्के ऑक्साइड. राखेत ०.०४ टक्के. स्पर्धा या दोघांत आहे. प्रस्ताव टाकायचाच असेल तर नागपूरच्या जेएनएआरडीडीसीसारख्या (अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र) संस्थेला सोबत घ्या, एकट्या एमआयडीसी युनिटनं नको.

तांबडापांढरा
गुजरीतला झारेकरी सराफाच्या दुकानासमोरची धूळ विकत घेतो, कारण त्यातलं सोनं सुटं असतं. काचेत बंद केलेलं कोण घेईल राव?

शिरोलीकर
बरं, आम्लाचा प्लांट वहीतनं खोडला. सेनोस्फिअरची प्रतवारी आणि ४५ मायक्रॉनची राख, या दोन्हींचा अंदाज काढतो. पण राखेत नक्की काय आहे ते एकदा तपासून ठेवायचंय. टेस्ट कशी करायची? एका लॅबनं हातातल्या एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या) 'रेअर अर्थ नाही' असं लिहून दिलं.

आम्लपित्त
त्या गनला इतक्या कमी पीपीएमचं नियोडिमियम दिसत नाही, तो रिपोर्ट बाजूला ठेवा. आयसीपी-एमएस (द्रावणातले अगदी कमी धातू मोजणारं यंत्र) हवं, आणि राख पूर्ण विरघळवून: लिथियम मेटाबोरेटसोबत वितळवून किंवा हायड्रोफ्लोरिक वापरून. लॅबने अ‍ॅक्वा रेजिया (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकचं मिश्रण) वापरलं तर काच तशीच राहते आणि आकडा निम्म्यावर येतो. पण तोच आकडा 'सुटतं किती' याचा अंदाजही देतो, म्हणून दोन्ही करून घ्या आणि भागाकार बघा. सोबत एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक संस्थेचा १६३३सी हा प्रमाणित फ्लाय अ‍ॅश नमुना चालवायला सांगा. त्याचा आकडा जुळला नाही तर तुमचाही धरू नका. म्युलाइट, क्वार्ट्झ आणि काच किती ते एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणाऱ्या यंत्रावर) कळेल, शिवाजी विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रात विचारा.

सेनोस्फिअरची टेस्ट घरची आहे. १०० ग्रॅम राख, एक लिटरच्या मोजपात्रात पाणी भरून ढवळा, रात्रभर ठेवा, वरचं काढून वाळवून वजन करा. अर्धा ग्रॅम आला तर अर्धा टक्का.

राखाडी
नमुना एका बल्करचा घेऊ नका. वेगवेगळ्या दिवशीचे, निदान आठ-दहा बल्कर, प्रत्येकातून एकेक किलो. सगळं एकत्र करून ढीग, चार भाग, समोरासमोरचे दोन फेकायचे, पुन्हा ढीग, असं करत अर्ध्या किलोवर आणा. ईएसपीच्या शेवटच्या फील्डचा नमुना वेगळ्या पिशवीत, मिसळायचा नाही. आणि प्रत्येक पिशवीवर त्या दिवशी कुठला कोळसा जळत होता ते विचारून लिहा. जहाज बदललं असेल तर दोन संच लागतील.